विजेच्या स्कूटरची शक्ती किती?

गतीचे नियम शिकवून झाले होते. फळ्यावर ‘शक्ती = बल × वेग’ असे लिहून मी खडू खाली ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरून अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दोनशे पन्नास वॅट म्हणजे किती?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागचे कारण साधे नव्हते. त्याच्या वडिलांनी त्याला शिकवणीला जाण्यायेण्यासाठी विजेवर चालणारी एक छोटी स्कूटर घेऊन दिली होती. वडील यंत्रमागावर काम करतात. पैसे दोन वर्षे साठवलेले. दुकानदाराने सांगितले होते, “मोटर अडीचशे वॅटची आहे. नंबर नको, लायसन्स नको.” धाकटी बहीण रोज मागे बसून शाळेपर्यंत जात असे. आणि वर्गातला एक मित्र त्याला ठामपणे सांगत होता, “तुझी गाडी अडीचशे वॅटची नाहीच. माझ्या काकांच्या मोपेडला ती मागे टाकते.”

दुकानदार खरे बोलतो की मित्र? अशा वेळी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, मोजावे. आम्ही मोजले. ते कसे, हे या लेखात सांगतो. लागणारे साहित्य तुमच्या गावातही सहज मिळेल.

२५० हा आकडा आला कोठून?

रस्त्यावर दिसणाऱ्या विजेच्या दुचाकींत दोन प्रकार आहेत. एक मोठ्या, पेट्रोलच्या स्कूटरची जागा घेणाऱ्या. पुण्याच्या बजाज कंपनीने १९७२ साली ‘चेतक’ ही स्कूटर आणली होती; त्याच नावाची विजेवरची स्कूटर तिने जानेवारी २०२० मध्ये बाजारात आणली. अशा गाड्यांना नोंदणी, क्रमांक, परवाना व विमा हे सारे लागते. दुसरा प्रकार लहान, मंद गतीच्या गाड्यांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिला मोटार वाहन मानत नाहीत. तिला नोंदणी नको आणि चालकाला परवाना नको. मात्र ती तशी असल्याची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून मिळालेली असावी लागते.

या सवलतीचा गैरफायदाही घेतला जातो. गाडी मान्यतेपुरती मंद ठेवायची आणि विकताना तिचा वेग वाढवून द्यायचा. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदललेल्या गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीम काढली होती.

आता २५० वॅट म्हणजे किती? जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी ‘अश्वशक्ती’ हे माप ठरवले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा २५० वॅट म्हणजे एक तृतीयांश घोडा. आपल्याकडे बैलाची शक्ती साधारणपणे अर्धी अश्वशक्ती धरतात. म्हणजे ही मोटर एका बैलापेक्षाही दुबळी. पण सायकल चालवणारा सामान्य माणूस बराच वेळ टिकवून ७५ ते १०० वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. त्याच्या मानाने २५० वॅट काही कमी नाहीत.

रस्त्यावरची टिकर टेप

शक्ती काढायची तर बल आणि वेग हवेत. बल काढायचे तर त्वरण हवे. आणि त्वरण काढायचे तर गाडी कोणत्या क्षणी कोठे होती, हे कळले पाहिजे. प्रयोगशाळेत हे काम टिकर टेप करते. ठराविक वेळाने ठिपके उमटवणारी ती पट्टी तुम्ही पाहिली असेल. आम्ही ठरवले की पट्टीऐवजी रस्ताच वापरायचा आणि ठिपक्यांऐवजी पाण्याचे थेंब.

औषधांच्या दुकानातून सलाइनची कोरी नळी आणली. (वापरलेली नळी कधीही घेऊ नका.) तिला एक प्लॅस्टिकची बाटली जोडली, बाटलीत कपड्यांना घालतात ती नीळ कालवलेले पाणी भरले, आणि बाटली स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला घट्ट बांधली. नळीचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवले. नळीवरची चकती हळूहळू फिरवून मिनिटाला बरोबर ६० थेंब पडतील असे जमवले. हे जमायला अर्धा तास लागला. ते एकदा जमले की गाडी धावताना दर सेकंदाला एक निळा ठिपका रस्त्यावर सोडत जाते.

यावर एका मुलीने चांगली शंका काढली. थेंब नळीतून सुटतो एका जागी आणि जमिनीवर पोचेपर्यंत गाडी पुढे जाते. मग ठिपका चुकीच्या जागी नाही का पडणार? ३० सेंटिमीटर पडायला थेंबाला सुमारे पाव सेकंद लागतो. पण सुटताना थेंबाला गाडीचाच वेग असतो. जडत्वामुळे तोही गाडीबरोबर पुढे सरकतो. त्या पाव सेकंदात गाडीचा वेग जेवढा वाढेल, तेवढ्यापुरताच तो मागे पडतो, आणि हे अंतर जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. शिवाय प्रत्येक थेंबाला पाव सेकंदाचाच उशीर होत असल्याने दोन ठिपक्यांमधील वेळ एक सेकंदच राहतो. तेव्हा शंका योग्य, पण प्रयोगाला धोका नाही.

जागा म्हणून ओळखीच्या एका कारखानदारांच्या आवारातला सुमारे ३०० मीटर लांबीचा, सपाट, काँक्रीटचा रस्ता मिळाला. गाडीच्या कायदेशीरपणाबद्दलच शंका असल्याने आम्ही सार्वजनिक रस्ता टाळला. गाडी आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी चालवली. त्यांच्याकडे परवाना आहे आणि त्यांनी हेल्मेट घातले होते. विद्यार्थी सर्व वेळ रस्त्याच्या कडेला उभे होते. वेळ रविवारी सकाळी साडेसहाची. सोलापुरात उन्हाळ्यात नऊनंतर वारा आणि ऊन दोन्ही प्रयोग करू देत नाहीत.

त्याआधी वजन केले. भुसार मालाच्या दुकानातील काट्यावर स्कूटर ७० किलोग्रॅम भरली. चालक ६४, आणि हेल्मेट, बाटली वगैरे २. एकूण वस्तुमान १३६ किलोग्रॅम.

ठिपके काय सांगतात?

एक विद्यार्थी थेंबांच्या तालावर मोजून थेंब सुटताक्षणी “चल!” म्हणे, आणि चालक मूठ पूर्ण पिळून गाडी सोडत. थेंबाला खाली पोचायला लागणारा पाव सेकंद आणि माणसाला हात हलवायला लागणारा वेळ जवळपास सारखेच असल्याने पहिला ठिपकाही बराच विश्वासू निघाला. जाताना तीन आणि येताना तीन अशा सहा फेऱ्या केल्या, टेपने ठिपक्यांमधील अंतरे मोजली आणि सरासरी काढली. दोन्ही दिशांनी धावण्याचे कारण असे की रस्त्याला थोडा उतार किंवा हवेला थोडी झुळूक असली, तर एका दिशेला होणारा फायदा दुसऱ्या दिशेला तोटा होऊन फिटतो.

लागोपाठच्या ठिपक्यांमधील अंतरे मीटरमध्ये अशी आली:

०.५०, १.४८, २.४३, ३.४०, ४.३१, ५.१६, ५.९०, ६.५३, ७.०७, ७.५३, ७.९२

पहिल्या चार अंतरांना ०.४९ ने भागून पाहा. उत्तरे १.०, ३.०, ५.० आणि ६.९ येतात. १, ३, ५, ७! समान त्वरणाने जाणारी वस्तू समान वेळांत जी अंतरे कापते ती विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हे गॅलिलिओने उतरत्या पाटावर गोळे सोडून शोधले आणि १६३८ साली ग्रंथात प्रसिद्ध केले. त्याच्याकडे सेकंदकाट्याचे घड्याळ नव्हते; तोही वाहत्या पाण्यानेच वेळ मोजत असे. तोच नियम सोलापूरच्या रस्त्यावर निळीच्या ठिपक्यांनी लिहून दाखवला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण पुढची अंतरे पाहा. पाचव्याला भागून ९ यायला हवे, येतात ८.८. सहाव्याला ११ ऐवजी १०.५. सातव्याला १३ ऐवजी १२. म्हणजे चौथ्या सेकंदापर्यंत त्वरण जवळजवळ स्थिर होते, नंतर ते घसरू लागले. मूठ तर पूर्ण पिळलेलीच होती. मग असे का? याचे उत्तर शक्तीच्या सूत्रात आहे. शक्ती = बल × वेग. मोटर देऊ शकते त्या शक्तीला मर्यादा आहे. ती मर्यादा आली की वेग वाढेल तसे बल कमी होणारच. विषम संख्यांची मालिका जेथे मोडते, तेथे मोटर आपल्या शक्तीच्या टोकाला पोचलेली असते.

त्वरणापासून शक्तीपर्यंत

दर अंतर एका सेकंदाचे असल्याने ते अंतर म्हणजेच त्या सेकंदातील सरासरी वेग. लागोपाठच्या दोन अंतरांतील फरक म्हणजे त्वरण. उदाहरणार्थ २.४३ आणि ३.४० यांमधील ठिपक्यापाशी वेग या दोहोंची सरासरी, म्हणजे सेकंदाला २.९२ मीटर, आणि त्वरण ३.४० – २.४३ = ०.९७ मीटर प्रति सेकंद वर्ग.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने निव्वळ बल = १३६ × ०.९७ = १३२ न्यूटन. पण मोटरचे बल याहून जास्त असते, कारण तिला टायरचे घर्षण आणि हवेचा विरोधही सोसावा लागतो. हा विरोध मोजण्याची युक्ती सोपी आहे. गाडीला वेग द्या, मूठ सोडा, ब्रेक लावू नका आणि ठिपके मोजा. आता अंतरे कमी कमी होत जातील. आम्हाला वेग सेकंदाला ७ मीटर असताना वेगातील घट ०.२४ आणि वेग ३ मीटर असताना ०.१४ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी मिळाली. वस्तुमानाने गुणून विरोध अनुक्रमे ३३ व १९ न्यूटन आला.

टायरचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून विरोध = क + ख × (वेग)² असे मांडले. दोन मापांवरून ख = (३३ – १९) ÷ (४९ – ९) = ०.३५ आणि क = १६ न्यूटन. म्हणजे आमच्या गाडीपुरते:

विरोध = १६ + ०.३५ × (वेग)²

आता सर्व हिशोब एकत्र मांडू. वेग मीटर प्रति सेकंद, त्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग, बले न्यूटनमध्ये.

वेग २.९२: त्वरण ०.९७, निव्वळ बल १३२, विरोध १९, एकूण बल १५१, शक्ती ४४० वॅट
वेग ४.७४: त्वरण ०.८५, निव्वळ बल ११६, विरोध २४, एकूण बल १४०, शक्ती ६६० वॅट
वेग ५.५३: त्वरण ०.७४, निव्वळ बल १०१, विरोध २७, एकूण बल १२८, शक्ती ७१० वॅट
वेग ६.८०: त्वरण ०.५४, निव्वळ बल ७३, विरोध ३२, एकूण बल १०५, शक्ती ७१० वॅट
वेग ७.७३: त्वरण ०.३९, निव्वळ बल ५३, विरोध ३७, एकूण बल ९०, शक्ती ७०० वॅट

थेंबांच्या वेळेतील व टेपच्या मापातील चुका धरल्या तर या आकड्यांत दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. पण ७१० चे २५० काही होत नाहीत. ही जवळजवळ एक पूर्ण अश्वशक्ती आहे. अर्धी अश्वशक्ती एका बैलाची, म्हणजे बैलजोडीच म्हणा ना!

घाईने निकाल देऊ नये

वर्गात एकच गलका झाला. “दुकानदार खोटारडा!” मी त्यांना थांबवले. नियमातले शब्द पुन्हा वाचा: ‘तीस मिनिटांची शक्ती’. मोटर सतत अर्धा तास, जास्त न तापता, किती शक्ती देऊ शकते याचे ते माप आहे. काही सेकंदांपुरती कोणतीही विजेची मोटर त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती देऊ शकते. शंभर मीटर पळताना तुम्ही जेवढा जोर लावता तेवढा अर्धा तास लावू शकाल का? तसेच हे. तेव्हा क्षणभर ७१० वॅट मिळाले, एवढ्यावरून मोटर २५० वॅटची नाही असे सिद्ध होत नाही. तीस मिनिटांची शक्ती ठरवायची तर मोटर चाचणी-यंत्राला जोडून, ठराविक भार देऊन, तिचे तापमान पाहत चालवावी लागते. ते चाचणी संस्थेचे काम आहे. आपल्या प्रयोगाने जे कळते तेवढेच आपण म्हणावे.

पण दुसरी अट वेगाची होती, आणि ती आम्ही तपासू शकत होतो. गाडीला पूर्ण वेग घेऊ दिला आणि आखलेले १०० मीटर कापायला लागणारा वेळ मोजला. एका दिशेने १०.६ सेकंद, दुसऱ्या दिशेने १०.८. सरासरी १०.७ सेकंद. वेग सेकंदाला ९.३५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर. येथे मात्र शंकेला जागा उरली नाही. २५ च्या मर्यादेत ही गाडी बसत नव्हती.

आणखी एक गोष्ट सूत्रातून बाहेर आली. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर. या वेगाला आमच्या सूत्राने विरोध ३३ न्यूटन, आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती ३३ × ६.९४, म्हणजे सुमारे २३० वॅट. नियमातले २५ किलोमीटर आणि २५० वॅट हे आकडे असे एकमेकांना धरून आहेत! अडीचशे वॅटची मोटर माणसाला घेऊन सपाट रस्त्यावर सतत धावली, तर साधारण त्याच वेगाने धावेल. ताशी ३४ किलोमीटरला मात्र विरोध ४७ न्यूटन होतो आणि शक्ती सुमारे ४४० वॅट लागते. ही काही क्षणापुरती नाही. जोवर तो वेग ठेवाल तोवर लागणार. वेग एक तृतीयांशाने वाढला, शक्ती मात्र जवळजवळ दुप्पट झाली.

वेगाची किंमत

“पण सर, नऊ किलोमीटरनी काय बिघडते?” हा पुढचा प्रश्न. हिशोबच उत्तर देईल. दर मीटरला ३३ ऐवजी ४७ न्यूटन बल लावायचे, म्हणजे तेवढ्याच अंतराला ऊर्जा १.४ पट लागणार. एका चार्जिंगमध्ये गाडी १०० किलोमीटर जात असेल, तर आता सत्तरच जाईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३४ चा वर्ग भागिले २५ चा वर्ग काढला तर १.८ येते. ब्रेक तेच आणि टायरही तेच, पण थांबायला अंतर १.८ पट लागणार. आणि धडक झालीच तर अंगावर येणारी ऊर्जाही १.८ पट. मागे बसलेली बहीण त्या हिशोबात येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोक जास्त शक्ती मागतात ती केवळ हौसेखातर नाही. वीस मीटरला एक मीटर चढणारा उड्डाणपूल घ्या. सोलापूरला गुरुत्वत्वरण ९.७८ धरले, तर चढाचे बल १३६ × ९.७८ ÷ २० = ६७ न्यूटन. २५० वॅटमध्ये तो चढ ताशी जेमतेम १० किलोमीटरने चढता येईल. गाडी रखडते आणि मागून ट्रकचे भोंगे वाजू लागतात. ज्याला रोज असा पूल ओलांडायचा आहे त्याने जास्त शक्तीची, नोंदणीची गाडी घ्यावी, परवाना काढावा आणि विमा उतरवावा. कारण ताशी ३४ किलोमीटरने जाणारी बिननोंदणीची गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच ठरते, आणि अपघात झाला तर विमा नसल्याचा भार त्या कुटुंबावरच पडतो.

पुढे काय झाले?

मुलाने आपली वही वडिलांना दाखवली. ते स्वतः मला भेटायला आले. सूत्रे त्यांना परिचयाची नव्हती, पण ठिपक्यांची अंतरे आणि १०.७ सेकंद त्यांना लगेच समजले. यंत्रमागाचे फेरे मोजणाऱ्या माणसाला मोजमाप परके नसते. त्यांनी गाडी एका जाणत्या कारागिराला दाखवली. वेगमर्यादेची वायर सुटी करून ठेवलेली सापडली. ती जोडल्यावर आम्ही पुन्हा १०० मीटर मोजले. १५.० सेकंद, म्हणजे ताशी २४ किलोमीटर. सुरुवातीचे त्वरण होते तसेच राहिले, कारण ती वायर फक्त वेग अडवते, बल नाही.

वेगाचा प्रश्न मिटला. तीस मिनिटांच्या शक्तीचा उरला. त्याचे उत्तर चाचणी संस्थेच्या मान्यतापत्रात असते, म्हणून वडिलांनी दुकानदाराकडे तो कागद मागितला आहे. तो अजून मिळालेला नाही. तोवर गाडी घरी उभी आहे आणि मुलगा सायकलने येतो. परवा मी त्याला विचारले, “काय रे, किती वॅट?” तो घाम पुसत म्हणाला, “नव्वद, सर. पण तीस मिनिटांचे!”

तुम्ही सोडवा

१. मागे ५० किलोग्रॅमची व्यक्ती बसली, तर याच गाडीचे सुरुवातीचे त्वरण किती होईल? मोटरचे बल १५१ न्यूटनच राहते आणि टायरचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो असे धरा. हवेचा विरोध सोडून द्या.

२. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेग टिकवायला या गाडीला किती वॅट लागतील? आलेले उत्तर २५० वॅटशी ताडून पाहा.

३. हा थेंबांचा प्रयोग सायकलवर करा. गाडीची गरज नाही. रहदारी नसलेले मैदान निवडा, पायडल मारणे थांबवून ठिपके मोजा आणि तुमच्या सायकलचे क व ख काढा. मग वर्गात कोणाची सायकल सर्वांत हलकी चालते, यावर वाद घालण्याची गरज राहणार नाही.